मोगऱ्याच्या वाट्याचं ऊन

जळगावात रोपवाटिका चालवताना आणि धुळ्यातल्या बंगल्यांच्या बागा सांभाळताना माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार एकच आहे. मोगरा हिरवागार आहे, पानं तुकतुकीत आहेत, फांद्या हातभर लांब झाल्यात, पण फूल नाही. खेड्यावरून आलेले आबा असोत नाहीतर बँकेत नोकरी करणारी मुलगी असो, प्रश्न तोच. "झाड ते बेस शे, पन फूल काब्र येत नही?" मंडळी खत मागायला आलेली असतात. मी खताच्या पोत्याला हात लावत नाही. कुंडी कुठं ठेवली आहे, एवढंच विचारते. आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "इथं ऊन फार ना ताई, म्हणून आत घेतली."

खानदेशात उन्हाची धास्ती उगाच नाही. एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, कधी तिच्याही पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात. बाहेर पडणारा डोक्याला उपरणं गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो. अशा गावात राहणारा माणूस आपल्या जिवावरून झाडाची काळजी करतो. स्वतःला सावली हवी तर झाडालाही सावलीच हवी, असं त्याला वाटतं. त्यात माया असते, पण त्या मायेपायी मोगरा उपाशी राहतो.

या कामात घालवलेल्या वर्षांनी मला जे शिकवलं ते मी असं सांगेन. उजेड आणि ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्या जोडीनं येतात, म्हणून आपण दोन्हींना मिळून 'ऊन' म्हणतो आणि दोन्हींपासून झाड एकदमच लपवतो. मोगऱ्याला उजेड पोटभर लागतो. ताप त्याच्या मुळांना लागू द्यायचा नसतो. हे दोन हिशेब वेगळे मांडता आले की खानदेशाइतका चांगला मोगरा क्वचितच कुठं फुलेल.

उजेडाचं काय ते मी धुळ्यात, देवपूरमधल्या एका बंगल्यात नीट पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीलगत मोगऱ्याची सलग रांग होती. अर्धी रांग मोठ्या कडुनिंबाखाली, अर्धी उघड्यावर. रोपं एकाच वेळी लावलेली, माती तीच, पाणीही तेच. मालकीणबाईंनी मला बोलावलं होतं ते उघड्यावरच्या झाडांना औषध मारायला. त्यांच्या मते ती झाडं आजारी होती, कारण त्यांची पानं लहान होती आणि रंग फिका होता. निंबाखालची झाडं त्यांना ठणठणीत वाटत होती.

मी दोन्हीकडची एकेक फांदी कापून त्यांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली. सावलीतल्या फांदीची पेरं चार-चार बोटं लांब होती. पानं तळहाताएवढी, गडद हिरवी आणि पातळ. उजेडासमोर धरली तर पलीकडचं बोट अंधुक दिसावं इतकी. फांदी आधार शोधत निघाल्यासारखी लवलेली. उन्हातल्या फांदीची पेरं आखूड, पानं निम्म्या आकाराची पण जाड, चिमटीत धरली तर कडक लागणारी. आणि तिच्या शेंड्यावर तीन कळ्यांचा झुपका, त्याखालच्या दोन्ही पानांच्या बेचक्यांत नव्या फुटीचे हिरवे ठिपके. सावलीतल्या शेंड्यावर नुसतं पुढचं पान उलगडत होतं. बाईंनी दोन्ही फांद्या हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिल्या. औषध मारायचं रद्द झालं आणि निंबाच्या खालच्या फांद्या उतरवायचं ठरलं.

यामागचं कारण सोपं आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. त्या फुटीला लागणारी साखर पान उजेडात बनवतं. उजेड कमी पडला की झाड आधी जीव जगवतं. जवळ असलेलं सगळं भांडवल लांबी वाढवण्यात आणि पान मोठं करण्यात घालतं, कारण त्याला उजेडापर्यंत पोचायचं असतं. फुलासाठी काही उरतच नाही. मोठं हिरवंगार पान पाहून आपल्याला झाड खूश वाटतं, प्रत्यक्षात ते उजेड हुडकत असतं. अशा झाडाला युरिया घातला तर पानं आणखी वाढतात, फूल आणखी लांबतं. खत मागायला आलेल्याला मी खत न देता परत पाठवते ते यासाठी.

घरातल्या उजेडाबद्दल आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात उजेड मोजला तर तो एक लाख लक्सच्या आसपास भरतो. चांगल्या उजेडाच्या खोलीत, खिडकीपासून थोडं आत, तोच आकडा काही शेकड्यांवर येतो. डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. पानाला बाहुली नसते. त्याला हजारातले काही हिस्से मिळाले तर तेवढेच मिळतात. "आमच्या हॉलमध्ये खूप उजेड आहे" असं सांगणारं माणूस खोटं बोलत नसतं, पण त्या हॉलमध्ये मोगरा फुलणार नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकांना मोजायला सांगू लागले. त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला कुंडीच्या जागी जायचं आणि वीतभर उंचीवर हात धरायचा. खाली पडलेल्या सावलीत बोटं वेगवेगळी, धारदार दिसली तर तो तास धरायचा. सावली फिकट, विरघळल्यासारखी असेल तर सोडून द्यायचा. सहा तास भरले तर मोगरा मनासारखा फुलेल. चार-पाच भरले तर फुलेल, पण हात राखून. तीनच्या आत आले तर त्या जागी मोगरा लावू नये. यातही सकाळच्या तासांची किंमत जास्त. मे महिन्यात दुपारी हवा इतकी तापते आणि कोरडी होते की पाणी वाचवण्यासाठी पान आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की साखर बनवणंही मंदावतं. दोनचं ऊन कितीही प्रखर असलं तरी झाडाच्या पदरात फारसं पडत नाही. आठ ते बाराचं ऊन त्याच्या अंगी लागतं.

पण एका दिवसाची मोजदाद वर्षभर चालत नाही. हे मला जळगावातल्या एका फ्लॅटनं शिकवलं. त्या कुटुंबानं डिसेंबरात जागा घेतली. गॅलरी दक्षिणेची होती आणि ऊन थेट हॉलमध्ये येत होतं. त्यांनी हौसेनं हजारी मोगरा नेला, तासही नीट मोजले होते, सहाच्या वर भरले होते. एप्रिलमध्ये फोन आला की बहराच्या दिवसांत झाड लांबट होत चाललं आहे, कळ्या नाहीत. मी गेले तर दुपारी बारा वाजता, बाहेर डांबर वितळत असताना, त्यांची गॅलरी सावलीत होती.

जळगाव आणि धुळे दोन्ही २१ अंश अक्षांशाच्या जवळ आहेत, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे आपल्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. एकदा २५ मेच्या आसपास आणि परत येताना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. शाळांमधून शून्य सावलीचा दिवस म्हणून तो दाखवतात. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की भर दुपारी भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी लांब पडते. आता गॅलरीवरचा स्लॅब नऊ फुटांवर आहे असं धरा. डिसेंबरात दुपारचं ऊन त्याच्याखालून सुमारे नऊ फूट आत येतं. एप्रिलच्या मध्यात ते पावणेदोन फुटांवर अडतं, आणि मेच्या अखेरीला आत येतच नाही. त्यात कठडा भरीव असेल तर कुंडीपर्यंत फारसं पोचत नाही. दक्षिणेची गॅलरी ही थंडीतली गॅलरी आहे. मोगऱ्याला ऊन हवं असतं फेब्रुवारी ते जून, आणि नेमकं तेव्हाच ती हात आखडते.

उत्तरेच्या गॅलरीची गोष्ट उलटी आहे. लोक तिला सरसकट बाद करतात. पण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगालाच असतो, आणि मार्चअखेरीपासून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिथं पोचू लागतं. उत्तरेला समोर इमारत नसेल तर तिथं उन्हाळ्यात मोगऱ्याला थोडीफार फुलं येतात. मी ती पाहिली आहेत. सर्वांत भरवशाच्या दिशा पूर्व आणि पश्चिम. तिथं ऋतू कोणताही असो, अर्ध्या दिवसाचं ऊन हमखास मिळतं. आणि खानदेशात या दोन्हींतली निवड करायची तर डोळे मिटून पूर्व.

पश्चिम का नको, हे सांगताना तापाचा हिशेब सुरू होतो. तो मला धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या माळीबुवांनी शिकवला. त्यांना वाचता येत नव्हतं. कॉलेजात शिकलेल्या पोरांना ते मातीबद्दल जे सांगत ते कुठल्याही पुस्तकाला शोभावं असं असे. एका मे महिन्यात आम्ही एकाच आवारात काम करत होतो. आवारात दोन मोगरे जवळजवळ. एक जमिनीत, एक पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या सिमेंटच्या कुंडीत. दोघांवर ऊन सारखंच. दुपारी तीनला जमिनीतला ताठ उभा होता, कळ्यांनी भरलेला. कुंडीतल्याच्या पानांच्या कडा करपलेल्या, शेंडे माना टाकलेले. कुंडीतली माती ओली होती, तरीही. मालक म्हणाले, ऊन सोसेना त्याला, सावलीत न्या. माळीबुवा म्हणाले, "पानाकडं काय बघता, माती चाचपा." मी कुंडीच्या कडेनं मातीत बोटं घातली आणि लगेच मागे घेतली. ती चटका बसण्याइतकी तापली होती. मग त्यांनी मला जमिनीतल्या मोगऱ्याच्या आळ्यात, पालापाचोळा बाजूला सारून, हात घालायला लावला. तिथली माती माठाच्या पोटासारखी गार होती.

मूळ तापलं की ते पाणी ओढू शकत नाही. माती ओली असली तरी पानापर्यंत पाणी पोचत नाही. पान स्वतःला गार ठेवतं ते पाणी वाफेनं सोडून, आणि तेच थांबलं की करपतं. आपण करपलेलं पान पाहतो आणि दोष उजेडाला देतो. खरा चटका खाली कुंडीला बसलेला असतो. तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते, म्हणजे कुंडीला रात्रीही निवायला मिळत नाही.

माळीबुवांनी ती कुंडी सावलीत नेली नाही. भिंतीपासून दोन हात पुढे ओढली, विटांवर ठेवली, पश्चिमेच्या बाजूनं तिला एक फळी आडवी लावली, अशी की सावली फक्त कुंडीवर पडावी, झाड उघडंच राहावं. मातीवर चार बोटं जाडीचा वाळलेल्या केळीच्या पानांचा थर दिला. मृगाच्या आधी त्या झाडानं कळ्या धरल्या. जागा तीच, ऊन तेच. माझ्या कामाची दिशा त्या दुपारी बदलली. तोवर मीही जाळी लावा, सावली करा, हेच सांगत असे, कारण सगळे तेच सांगत. त्यानंतर मी कुंडी सांभाळायला सांगू लागले.

त्यात महागडं काहीच नाही. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी असेल तर तिला बाहेरून चुना फासायचा. मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू भरायची आणि ती ओली ठेवायची. गोणपाट गुंडाळून भिजवायचं. गच्चीवरच्या कुंड्या स्लॅबला टेकू द्यायच्या नाहीत, दोन विटा खाली घालायच्याच. कुंड्या सुट्यासुट्या न ठेवता दाटीनं ठेवल्या तर एकीची सावली दुसरीवर पडते. मातीवर आच्छादन हवंच, मग ते केळीचं पान असो, भुईमुगाची टरफलं असोत की बारीक केलेल्या पऱ्हाट्या. या तिन्ही गोष्टी खानदेशात मागितल्या तर फुकट मिळतात. पाणी पहाटे द्यायचं. ठिबक तर जळगावच्या अंगवळणी पडलेलं आहे. शेतातून काढलेली जुनी नळी गच्चीवर टाकून पुष्कळ जण कुंड्यांना पाणी देतात. पण उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी दुपारी चहाच्या आधणासारखं होतं, ते मुळांवर सोडलं तर झाड उकडून निघतं. नळी चालवायची ती दिवस उगवण्याआधी.

वाऱ्याबद्दल मला केळीवाल्या शेतकऱ्यांनी शिकवलं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला कडेनं शेवरी लावतात. ती सावलीसाठी नसते, उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्याला अडवण्यासाठी असते. केळीला ऊन हवंच असतं, तिला सोसत नाहीत त्या झळा. मी गच्चीवर हेच केलं. वर जाळी न बांधता पश्चिमेच्या कठड्याला उभी जाळी बांधायला सांगितली. वरून उजेड पुरता येतो, आडवी झळ अडते, आणि तीननंतरचं कलतं ऊनही थोडं सौम्य होतं.

आमच्या धंद्यातल्या एका गोष्टीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. रोपवाटिकेत दिसणारं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. पुष्कळशी रोपं ट्रकनं येतात. काही पुण्याकडून, काही थेट आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेतून. तिथलं मऊ, पातळ पानाचं रोप खानदेशातल्या रस्त्यावरचा वारा खात जळगावात उतरतं. ते विकत घेऊन कोणी दुसऱ्याच दिवशी गच्चीवर ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे पडतात. मग माणूस ठरवतो की मोगऱ्याला ऊन चालत नाही. ते रोप घरात जातं आणि जन्मभर घरातच राहतं. मोगऱ्याबद्दलचा हा गैरसमज आमच्या जाळीखालून बाहेर पडतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. सावलीत बनलेलं पान उन्हाचं नसतं. उन्हाचं पान झाडाला नव्यानं घडवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

हे लक्षात आल्यापासून मी नवा माल आला की तो आठ-दहा दिवस जाळीच्या कडेला ठेवते, मग तितकेच दिवस सकाळच्या उन्हात, आणि नंतरच विक्रीला काढते. या दिवसांत जुनी पानं गळतात, रोप झडल्यासारखं दिसतं. सुरुवातीला गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातलं तुकतुकीत रोप घेऊन जाई. मला त्याचा त्रास झाला, नाही असं नाही. घर त्यावरच चालत होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात तीच माणसं विचारत आली की तुमच्याकडचं झाड शेजारणीकडं फुललंय, तसंच द्या. आता मी रोप देताना सांगते की हे लहान, जाड, फिकट पान बघून घ्या, हे उन्हात तयार झालेलं आहे.

पिवळ्या पानाचं खापरही उन्हावर फुटतं. मोगरा उन्हात ठेवला, पिवळा पडला, म्हणून आत घेतला, ही हकिकत मी असंख्य वेळा ऐकली. पिवळेपणा नीट पाहावा लागतो. नवं, शेंड्याचं पान पिवळं आणि त्यावरच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर उन्हाचा काही संबंध नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ, बोअरचं पाणी जड. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. उपाय म्हणजे हिराकस शेणखतात मुरवून देणं, कुंडीत नुसती काळी माती न भरता पोयटा आणि भरपूर कुजलेलं खत घालणं, आणि शक्य तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरणं. एरंडोलच्या बाजूच्या एका काकूंचा पिवळा मोगरा असा महिनाभरात हिरवा झाला, तोही ऐन उन्हात उभा राहून. त्यांनी तोवर त्याला घराच्या चारही बाजूंना फिरवलं होतं.

उन्हाचा आणखी एक हिशेब झाडाच्या आत असतो. मोगरा न छाटता वाढू दिला तर त्याच्या पोटात गर्दी होते. बाहेरच्या पानांची सावली आतल्या फांद्यांवर पडते आणि आत नुसत्या काड्या राहतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, पानं थोडी गळू द्यायची आणि मग निम्म्यानं छाटणी करायची. मधल्या वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या काड्या आधी काढायच्या, म्हणजे गाभ्यात ऊन उतरतं. छाटणीनंतर शेणखत, थोडी निंबोळी पेंड, आणि पाणी सुरू. थंडी ओसरते, ऊन चढतं आणि प्रत्येक छाटलेल्या काडीला नवे फुटवे येतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतात तेव्हा, मोगरा ऐन भरात असतो. ज्या दिवसांत आपल्याला घराबाहेर पडवत नाही, त्याच दिवसांत तो सर्वांत जास्त फुलतो. त्याला आपल्या उन्हाळ्याची भीती नाही, याहून मोठा पुरावा मी काय देऊ?

एका बाबतीत मात्र उजेड कमी करून फूल आणता येतं, आणि तो अनुभव शेवंतीचा. धुळ्यातल्या एका कॉलनीत फाटकाच्या दोन्ही बाजूंना शेवंतीचे वाफे होते. डावीकडचा वाफा थंडी लागताच भरून फुलला, उजवीकडचा नुसता वाढत राहिला. दिवसाचं ऊन दोन्हींना सारखं. मी संध्याकाळी थांबले तेव्हा कारण दिसलं. उजव्या वाफ्यावर रस्त्याचा नवा एलईडी दिवा होता, रात्रभर जळणारा. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि काळोखी झाली की कळ्या धरते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून झाडांचा हा गुण जगापुढे मांडला. आज शेवंतीचे शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावून फुलं लांबणीवर टाकतात, बाजार साधण्यासाठी. आम्ही उजव्या वाफ्यावर संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत काळं कापड टाकायला लागलो आणि काही आठवड्यांत तिथंही कळ्या दिसल्या. प्रत्येक झाडाचा उजेडाशी करार निराळा असतो. मोगऱ्याचा नियम शेवंतीला लावता येत नाही.

आता गावं बदलली आहेत. जळगावात मेहरूणच्या बाजूला, धुळ्यात देवपुरात, बैठ्या घरांच्या जागी चार-पाच मजले उभे राहिले. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लावून आहेत, तिथं ऊन मिळतं ते गच्चीवरच. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कितीतरी बायका माझ्याकडे येतात, मोगरा मागतात, आणि त्यांच्याकडे दिवसाचा तासभरही ऊन नसतं. त्यांना मी मोगरा विकत नाही. असं सांगणं दोघींनाही जड जातं. फर्न घ्या, मनी प्लांट घ्या, म्हटलं तर त्यांचं मन भरत नाही, कारण त्यांना हवा असतो तो वास, आईच्या अंगणातला.

जळगावातल्या एका सोसायटीत यावर तोडगा निघाला. तळमजल्यावरच्या कुटुंबांनी सामाईक गच्ची मागितली. आधी कुरकुर झाली, स्लॅब गळेल, पाणी सांडेल. मग कुंड्या कुठं ठेवायच्या ते बीमच्या रेषा बघून ठरलं, खाली विटा आणि ताटल्या आल्या, पश्चिमेला उभी जाळी लागली, पाण्याची पाळी ठरली. आता पहाटे तिथं वेगवेगळ्या मजल्यांवरच्या बायका आणि दोन-तीन निवृत्त गृहस्थ कळ्या खुडायला येतात. ज्यांच्या घरात ऊन येत नाही त्यांच्याही ओंजळीत कळ्या असतात.

म्हणून आता माझं सांगणं रोप घेणाऱ्यांपेक्षा घर बांधणाऱ्यांना जास्त असतं. पार्किंगसाठी सगळं आवार फरशीनं झाकू नका. पूर्वेला चार फूट जमीन उघडी सोडा, तिथं दुपारपर्यंत ऊन पडेल आणि नंतर घराचीच सावली येईल. जमिनीत मूळ गार राहील, कुंडीचे सोपस्कार लागणार नाहीत. इमारत असेल तर गच्चीचा एक कोपरा झाडांसाठी म्हणून नकाशातच दाखवा, आणि कोणाच्या मालकीचा न ठेवता सगळ्यांचा ठेवा. एवढी सोय झाली तर मोगरा खानदेशाच्या उन्हात दहा-पंधरा वर्षं सहज फुलत राहतो, आणि त्याला लागतं ते खत आणि पाणी कोणत्याही घराला परवडण्यासारखं आहे.